रतांब्याचा हिशेब

टपाल खात्यातून उरलेली लांब वही, दोनशे पानी.
पहिल्याच पानावर रूळ मारले:
झाड क्रमांक, लागवड, फूल, फळ, किलो, दर.
सव्वीस वर्षं काउंटरच्या जाळीमागे बसलेल्या बाईला
जगाचे रकाने पाडता येतात
असा एक समज असतो.

मोचेमाडच्या उतारावर चौसष्ट रतांबे,
बी रुजवून लावलेले,
कातळाला पहारीने खड्डे पाडून.
दर दोन झाडांत माझी आठ पावलं.
सातव्या वर्षी झाडामागे पंधरा किलो धरले,
आठव्या वर्षी वीस.
आगळाच्या बाटल्यांवर लेबल कुठल्या रंगाचं,
तेही समासात लिहून टाकलं.

सातव्या वर्षी तेवीस झाडांना फळ धरलं.
एकेचाळीस नुसती उभी,
टवटवीत, गुळगुळीत पानांची,
लग्नाला जेवायला आलेल्या पाहुण्यांसारखी.
त्यांच्यापुढे शून्य लिहिताना
मी पेन्सिल वापरली.

मग सल्ले आले, न मागता.
खतवाल्याने पोटॅश सांगितलं.
मोबाइलवरचा एक गृहस्थ म्हणाला, बुंध्यात मीठ घाला.
चुलतदीर म्हणाले, जागेवाल्याला नारळ दे, सगळं विसरलीस तू.
तिन्ही केलं.
नारळाचा खर्च 'इतर'मध्ये टाकला.

संशोधन केंद्रात अकरा वेळा फोन केला.
बाराव्या वेळी उचलला त्या
डॉक्टर बोवलेकर मॅडम, पुढच्या बहरात स्कूटरवरून आल्या,
गळ्यात भिंग, पायात भावाचे वाटावेत असे बूट.
चहा नको म्हणाल्या.
एका झाडाचं फूल खुडून माझ्या तळव्यावर ठेवलं,
दुसऱ्याचं त्याच्या शेजारी.
एकात पिवळ्या केसरांचा नुसता झुबका.
दुसऱ्यात मधोमध हिरवा बारका गोटा,
डाळीच्या दाण्याएवढा.
"नर आहेत हो तुमचे एकेचाळीस.
बियांचं असंच. फुलल्याशिवाय कळत नाही.
रोपं करताना कुणाला विचारलं नव्हतं?"

विचारलं नव्हतं.
सात उन्हाळे घागरीने पाणी घातलं,
कुणाला, ते विचारलं नव्हतं.

मला वाटलं आता कोयता.
त्या म्हणाल्या, तोडायची नाहीत.
वरचं डोकं उतरवून नव्या फुटीवर मादीची कलमं बांधायची.
"पण ते माझ्या हातचं नाही.
आजगावात तातू गावडे आहे, त्याला गाठा.
मी जे लिहिते ना, ते त्याने आधी बांधलेलं असतं."

तातू आला तो थेट उतारावर गेला.
माझी वही त्याने हातात घेतली,
सरळ धरली की उलटी, कळलं नाही,
आणि परत दिली.
"वारो खंयसून येता हंय?"
मी रकाने चाळू लागले.
वाऱ्याला रकाना नव्हता.
त्याने चिमूटभर माती उडवून पाहिली,
समुद्राच्या अंगाची सात झाडं हाताने दाखवली.
"हे दादले रव्हांदेत.
तेंच्याशिवाय फळां खंयसून येतली तुका?"

चौतीस झाडांची डोकी उतरली.
फुटवे आले तेव्हा तातू परत आला,
कोंब बोटात वाकवून बघायचा,
काही सोडून द्यायचा, का ते सांगायचा नाही.
मी कारणं विचारून विचारून लिहीत होते,
तो म्हणाला, "बाय, सुरी धर."
तिसरं कलम मी बांधलं.
ते वाळलं.
पाचवंही.

आज एकोणीस कलमांना पालवी आहे.
त्यातलं एक माझं, क्रमांक अठ्ठावन्न,
पिशवीच्या आत तांबूस, घाम आलेलं.
सात झाडांपुढचं शून्य मी शाईने गिरवलं
आणि शेवटी एक उभी रेघ मारून
वर लिहिलं: वारा.

मजुरीचं विचारलं की तातू म्हणतो,
"लागली काय सांगतंय."
लेबलाचा रंग खोडला आहे.
सकाळी दात घासता घासता उतारावर जाते,
पिशव्यांना हात न लावता
आत बघते.